परतीची वाट कुणी बांधली, कुणी मोडली

डॉक्टर आणि नर्स परदेशी गेले की परतत नाहीत, असं सरसकट म्हटलं जातं. पण सुरुवातीला ठरलं होतं ते शिकून परत येण्याचंच. अमेरिकेने १९४८ मध्ये परदेशी लोकांना ठरावीक काळ शिकण्यासाठी बोलावणारा एक्स्चेंज व्हिजिटर कार्यक्रम सुरू केला आणि त्यातून फिलिपिन्समधल्या हजारो नर्स तिथल्या रुग्णालयांत पोहोचल्या. १९५६ मध्ये अशा पाहुण्यांसाठी कायद्यात अट आली: आधी दोन वर्षं मायदेशी राहायचं, मगच कायमच्या वास्तव्याचा विचार. कागदावर परतीची सोय झाली, पण रुग्णालयांना माणसं हवीच होती. पुढे अटीला फाटे फुटत गेले. १९९४ पासून तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करणाऱ्या परदेशी डॉक्टरला ती माफ होऊ लागली. म्हणजे परतीची अट घातली यजमान देशाने आणि गरजेप्रमाणे सैल केली तीही त्यानेच. हे मला या सगळ्या इतिहासातलं कळीचं वाटतं.

१९७९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्थलांतरित डॉक्टरांपैकी सुमारे ९० टक्के अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम जर्मनी या पाचच देशांत एकवटल्याचं त्यात दिसलं. अशांना परत आणण्याचेही प्रयत्न झाले. स्थलांतरविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८३ ते १९९९ या काळात आफ्रिकी तज्ज्ञांना मायदेशी आणण्याची योजना चालवली. सोळा वर्षांत सगळ्या क्षेत्रांतले मिळून जेमतेम दोन हजार लोक परतले. २००१ मध्ये धोरण बदललं. कायमचं या, हा आग्रह सोडून काही आठवडे किंवा महिने येऊन शिकवा, असं सांगण्यात आलं. नेदरलँड्समधले घानाचे डॉक्टर आणि नर्स असेच मायदेशी जाऊन काम करू लागले.

परतणाऱ्याची खरी दमछाक होते ती घरी पोहोचल्यावर. अतिदक्षता विभागात दहा वर्षं काढलेल्या नर्सचं मायदेशातलं रजिस्ट्रेशन तोवर संपलेलं असतं. नूतनीकरणासाठी परदेशी नर्सिंग कौन्सिलकडून गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे तिथली नोंदणी आणि वर्तन ठीक असल्याचा दाखला, मागवावं लागतं. तोवर सरकारी भरतीची वयोमर्यादा उलटून गेलेली असते. नोकरी मिळालीच तर बाहेरचा अनुभव ज्येष्ठतेत धरतीलच याची खात्री नसते. अशा बाईला देशप्रेमाचे धडे देणं अन्यायाचं आहे.

मे २०१० मध्ये जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी आचारसंहिता स्वीकारली. जाऊन-येऊन काम करण्याला सदस्य देशांनी मदत करावी, असं तीत म्हटलं आहे. मात्र ती ऐच्छिक आहे. २०२० मध्ये कोविडच्या साथीत फिलिपिन्सने नर्सचं बाहेर जाणंच काही काळ थांबवलं आणि नंतर वर्षाला ठरावीक संख्येची मर्यादा घातली. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्य मनुष्यबळाची तीव्र टंचाई असलेल्या ५५ देशांची यादी जाहीर केली. तिथून होणाऱ्या भरतीबाबत विशेष जपणूक अपेक्षित आहे. तिथे परतणाऱ्यांना कोणत्या पदावर आणि किती पगारावर घ्यायचं, हे मात्र आजही त्या-त्या देशालाच ठरवावं लागतं.