शुगर असलेल्या मांजराची सुई आणि जेवण : चावी आमच्याकडे देण्याआधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी,

तुम्ही गावाला गेलात की आम्ही सकाळ-संध्याकाळ तुमच्या घरी येऊन मांजर सांभाळतो, खाणं-पाणी, लिटर (मांजराच्या शी-शूची वाळू), थोडा खेळ, हे तुम्हाला माहितीच आहे. पण हल्ली डायबेटिस असलेली मांजरं पण बरीच येतात आणि दरवेळी फोनवर तेच तेच सांगण्यात अर्धा तास जातो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. आम्ही डॉक्टर नाही. इन्सुलिन कोणतं, किती युनिट, कधी कमी-जास्त करायचं हे तुमचा व्हेटच ठरवणार. आम्ही सांगतोय ते घरातलं : सिरिंज कोणती, सुई कोण देणार, जेवणाचं काय, आणि गडबड झालीच तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं.

बाकी काही नाही वाचलं तरी एक लक्षात ठेवा. इन्सुलिनचा एखादा डोस राहिला तर चालतो, दोनदा दिला गेला तर नाही चालत. डोस राहिला की अर्धा दिवस शुगर वर राहते, मांजर पाणी जास्त पितं, लिटरमध्ये मोठमोठे गोळे होतात, बस. डबल गेला तर शुगर एवढी खाली जाऊ शकते की झटके येतात, आणि जीवही जातो.

आमच्या एका गिऱ्हाईकाचा बोका आहे, चांगला साडेपाच किलोचा. घरात दोघंही त्याच्यावर जीव टाकणारे, हाच प्रॉब्लेम झाला. नवऱ्याने साडेसहाला जिमला जायच्या आधी सुई दिली, बायकोने साडेसातला उठून दिली, दोघांनाही वाटलं आपण शहाणपणा केला. अकरा वाजता बोका किचनमध्ये दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात होता. मध चोळून, डबा उघडून, रिक्षाने दवाखान्यात नेऊन वाचला. आता त्यांच्या फ्रिजच्या दारावर कागद आहे आणि पेन दोरीने बांधलंय. सुई देणाऱ्याने तिथेच टिक मारायची, वेळ लिहायची, आणि टिक दिसली की दुसऱ्याने हात लावायचा नाही. आम्ही येतो तेव्हा आमचीपण टिक त्याच कागदावर. व्हॉट्सअॅपवर 'दिली का?' विचारत बसण्यापेक्षा हे शंभरपट बरं, कारण मेसेज उशिरा दिसतो.

याच नियमाचा दुसरा भाग : सुई टोचली पण मांजराने उसळी मारली आणि औषध आत गेलं की केसांवर सांडलं ते कळलं नाही, असं होतंच होतं, सगळ्यांचं होतं. केस ओले लागतात आणि दवाखान्यासारखा वास येतो. अशा वेळी परत सुई द्यायची नाही. अर्धं गेलं असेल, पूर्ण गेलं असेल, अजिबात गेलं नसेल, तुम्हाला माहिती नाही, मग सोडून द्या, कागदावर लिहा, पुढची सुई पुढच्या वेळेला.

आता सिरिंज, कारण आपल्याकडे सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे. भारतात माणसांचं बरंचसं इन्सुलिन अजून ४० च्या ताकदीचं येतं, म्हणजे एका मिलीमध्ये ४० युनिट, त्याची सिरिंज लाल टोपणाची. मांजरांना बऱ्याचदा ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन लिहून देतात (लँटस, बेसालॉग वगैरे ब्रँड), ते १०० च्या ताकदीचं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. केमिस्टकडे 'इन्सुलिनची सुई द्या' म्हटलं की जी हाताशी असेल ती मिळते. १०० चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २ च्या रेघेपर्यंत भरलं तर मांजराला २ नाही, ५ युनिट जातात. अडीचपट. उलटं केलं, ४० चं औषध केशरीत, तर जेमतेम ४० टक्के जातं आणि मग महिनाभर शुगर का उतरत नाही म्हणून सगळे डोकं धरून बसतात. बाटलीवर आकडा असतो, सिरिंजवर पण असतो, दोन्ही आकडे एकच हवेत. आणखी एक : ग्लार्जिनच ३०० च्या ताकदीचं पण इन्सुलिनच्या पेनमध्ये मिळतं, टूजिओ नावाने. त्यातून सिरिंजने काढायचंच नाही, केशरी सिरिंजची १ ची रेघ म्हणजे ३ युनिट होतात. नाव तेच ग्लार्जिन म्हणून कुणी 'हे घ्या, सेमच आहे' म्हटलं तर घेऊ नका, आधी व्हेटला फोन.

हे सगळं एवढं बारीक का बघायचं, तर मांजराचा डोसच चिमटीएवढा असतो. सुरुवातीला बऱ्याच मांजरांना दिवसातून दोनदा १ युनिटच्या आसपास देतात. १०० च्या औषधाचं १ युनिट म्हणजे एका मिलीचा शंभरावा भाग, सुईच्या टोकाला आलेला थेंब जणू. घरात आजोबा २४ युनिट घेत असतील तर १-२ युनिटचा फरक म्हणजे काही नाही असं वाटतं. मांजरासाठी तो दुप्पट आहे. म्हणून छोटी, ३० युनिटवाली सिरिंज घ्या, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली मिळाली तर उत्तमच. साध्या इन्सुलिन पेनने अर्धा युनिट देताच येत नाही.

बाटली फ्रिजमध्ये, २ ते ८ डिग्रीला. फ्रीझरला चिकटून नको, एकदा गोठलं की ते औषध गेलं, वितळल्यावर दिसायला ठीक दिसतं तरी टाकून द्यायचं. आम्ही एका छोट्या डब्यात घालून मधल्या कप्प्यात ठेवायला सांगतो, म्हणजे कोथिंबिरीच्या पिशवीखाली जात नाही आणि कामवाल्या मावशी फ्रिज पुसताना बाहेर काढून ओट्यावर विसरत नाहीत. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, गढूळ दिसलं की वापरायचं नाही. काही इन्सुलिन मुळातच दुधाळ असतात, ती भरण्याआधी कशी मिसळायची ते प्रत्येकाचं वेगळं, व्हेटला विचारून बाटलीवर चिकटवून ठेवा. उघडल्याची तारीख पण लिहा. मे महिन्यात गाडीतून नेताना बाटली थर्मासमध्ये ठेवा, बर्फाला थेट लावू नका, मध्ये रुमाल.

सुई देणं हे लोकांना वाटतं तेवढं भयंकर नाही, नखं कापण्यापेक्षा सोपं आहे, खरंच. कातडीखाली द्यायची असते. बरगडीच्या बाजूला किंवा कुशीला कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचला, सुई त्या तंबूत घाला, दाबा, काढा. पलीकडून बाहेर आली नाही ना ते बघा. जागा रोज थोडी बदला. मांजराला जबरदस्ती उलटं-पालटं करू नका, ताटलीत तोंड असतानाच बऱ्याच जणांचं काम होतं. सुई एकदाच वापरा, आणि वापरलेली जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, फिनेलची रिकामी बाटली चालते, झाकण लावून, वर लिहून वेगळी द्या. उघडी सुई कचऱ्यात टाकली की ती कचरा वेगळा करणाऱ्या ताईंच्या हातात घुसते.

जेवणाचं मात्र थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण आपल्याकडची मांजरं दूध-पोळी, दूध-भात, वर दुकानातले कोरडे दाणे यावरच वाढलेली असतात. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी, त्याला पीठ-भाताची गरज नसते, आणि डायबेटिस झाल्यावर तर तेच कमी करायचं असतं. पाकिटामागे कार्बोहायड्रेट सहसा लिहिलेलंच नसतं, पण काढता येतं : १०० मधून प्रोटीन, फॅट, फायबर, अॅश (म्हणजे खनिजं) आणि ओलावा वजा करा, उरलं ते कार्ब. समजा एका ड्राय फूडचं प्रोटीन ३२, फॅट १२, फायबर ४, अॅश ८, ओलावा १०, म्हणजे कार्ब ३४. वेट फूडच्या पाऊचमध्ये प्रोटीन १२, फॅट ३, फायबर १, अॅश २, ओलावा ८०, कार्ब उरलं २. कॅलरीच्या हिशोबात पहिल्यात साधारण ३५ टक्के कार्बमधून येतात, दुसऱ्यात दहाच्या आत. अॅश लिहिलेली नसेल तर ड्रायला ८ आणि वेटला २ धरा, अंदाज येतो. ग्रेव्हीवाल्या पाऊचमध्ये घट्टपणासाठी पिठूळ काहीतरी असतं, त्यापेक्षा लोफ किंवा मूस टाइपचं सहसा बरं.

पण थांबा! हे वाचून आज संध्याकाळीच दाणे बंद करून पाऊच सुरू करू नका. कार्ब कमी झाले की इन्सुलिनची गरज पण कमी होते, कधी कधी चांगलीच, आणि डोस जुनाच चालू राहिला तर शुगर धाडकन खाली. खाणं बदलायचं ते व्हेटला सांगून, हळूहळू, शुगर तपासत. काही मांजरांचं तर वेळेवर उपचार आणि कमी कार्बचं खाणं यावर इन्सुलिन पूर्ण सुटतं, काही काळासाठी किंवा कायमचं. ऐकायला छान आहे, पण तशा वेळी कुणी शुगर तपासत नसेल आणि जुना डोस चालू असेल तर तोच डोस घातक.

घरचं उकडलेलं चिकन ट्रीट म्हणून चालतं, कांदा-लसूण आणि मीठ-मसाला न घालता, कांदा मांजरांना विषारी आहे. नुसत्या चिकनवर महिनोन्महिने ठेवू नका, कॅल्शियम मिळत नाही, टॉरिन (मांजराला खाण्यातून लागणारं अमिनो आम्ल) पण कमी पडतं. कारल्याचा रस, मेथीचं पाणी, आजोबांची शुगरची गोळी मेटफॉर्मिन, हे सगळं आम्ही ऐकलंय, यातलं काहीही आम्ही देणार नाही. अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये मांजरांसाठी दोन तोंडावाटे घ्यायची औषधं मंजूर झाली, त्याबद्दल पण विचारतात. ती ठरावीक मांजरांनाच देतात आणि त्यात कीटोनचा (शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की रक्तात साठणारी आम्लं) धोका असतो, म्हणून त्याच जातीची माणसांची गोळी घरी अर्धी करून देणं हा वेडेपणा आहे.

आम्ही आधी खायला देतो, खाल्लं ते डोळ्यांनी बघतो, मग सुई. दोन्ही वेळेत १२ तासांचं अंतर, अर्धा तास इकडे-तिकडे झाला तर सहसा बिघडत नाही. खाल्लंच नाही किंवा ओकलं तर पूर्ण डोस द्यायचा नाही, मग अर्धा द्यायचा की काहीच नाही, हे तुमच्या व्हेटने आधीच लिहून दिलेलं हवं. दिवाळीत हे हमखास होतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सात वाजता सोसायटीत फटाक्यांच्या माळा लागतात, मांजर पलंगाखाली, ताटली जशीच्या तशी, आणि सुईची वेळ झालेली. तेव्हा डॉक्टरांचा फोन लागत नाही. गणपतीत उलटं, पाहुण्यांची पोरं पेढा चारतात. घरात दुसरी मांजरं असतील तर ताटल्या वेगळ्या खोल्यांत, नाहीतर कुणी किती खाल्लं याचा हिशोबच लागत नाही.

शुगर खाली गेल्याची लक्षणं : एकदम वखवखल्यासारखी भूक, किंवा उलट सुस्त पडून राहणं, झोकांड्या, शून्यात बघणं, हाक मारली तरी न येणं, अंग थरथरणं, शेवटी झटके. सुईनंतर चार ते आठ तासांत जास्त लक्ष ठेवा. घरच्या मीटरवर ६० च्या खाली दिसलं तर सावध व्हायचं (माणसांचा मीटर मांजराची शुगर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतो, तरी त्या भरवशावर बसू नका). शुद्धीत असेल आणि गिळत असेल तर लगेच खायला द्या, अशा वेळी कार्बवाले दाणेसुद्धा चालतात. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात कालवून हिरड्यांना चोळा. झटका येत असताना तोंडात काही ओतायचं नाही, फुप्फुसात जातं, आणि बोट दातांमध्ये घालायचं नाही, फक्त ओठ उचलून बाहेरून हिरडीला. दर पाचेक मिनिटांनी परत, आणि तसंच दवाखान्यात. जरा बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका, साखर पटकन संपते, इन्सुलिन अजून अंगात असतं.

उलटी, खाणं बंद, एकदम गळून जाणं आणि तोंडाला फळासारखा गोडसर वास हे दुसऱ्या टोकाचं, कीटोन वाढल्याचं लक्षण असू शकतं. तिथेही वाट बघायची नाही, सरळ दवाखाना.

शुगर तपासायला कानाच्या कडेला टोचतात, आधी कान कोमट कापसाने शेकून घेतला की थेंब पटकन येतो. घरी तपासलेली शुगर दवाखान्यातल्यापेक्षा जास्त कामाची, कारण तिकडे भीतीनेच मांजराची शुगर ३०० पर्यंत चढू शकते. पण घरच्या एका आकड्यावरून डोस वाढवायचा नाही, आकडे व्हेटला पाठवा. आणि खाज किंवा अॅलर्जीसाठी कुणी इंजेक्शन देत असेल तर 'याला शुगर आहे' हे आधी सांगा, स्टेरॉइडने शुगर चढते.

चावीबरोबर आम्हाला हे हवं : डॉक्टरांनी लिहिलेला डोस (तोंडी नको, फोटो चालेल), इन्सुलिनची बाटली आणि त्याच आकड्याच्या किमान पंधरा सिरिंज, न खाल्ल्यास काय करायचं ते लेखी, रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना, आणि तुम्ही निघायच्या दिवशीची शेवटची सुई किती वाजता दिली ती वेळ. पहिल्यांदाच येत असू तर निघायच्या आदल्या दिवशी एक सुई आमच्यासमोर द्या, एक आम्ही तुमच्यासमोर देतो, त्याचे पैसे घेत नाही. आणि घरात मध किंवा साधी साखर कुठे आहे ते दाखवून ठेवा, एका घरी आम्ही सगळे डबे उघडले आणि निघालं फक्त शुगर-फ्री.