सायटेशन मोजायला सुरुवात केली ती रसायनशास्त्रानेच

संशोधक रसायनशास्त्रज्ञाच्या नावापुढे आज तीन आकडे हमखास दिसतात: शोधनिबंध किती, सायटेशन (म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत त्यांचा संदर्भ दिल्याच्या नोंदी) किती आणि एच-इंडेक्स किती. नेमणूक, बढती, प्रकल्पाचा निधी अशा सगळ्या ठिकाणी ते पुढे केले जातात. पण सायटेशन मोजायला सुरुवात झाली तेव्हा माणसाची पारख करणे हा हेतूच नव्हता.

१९२७ साली ग्रॉस आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांसमोर अगदी व्यवहारी प्रश्न होता. लहान महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने मोजक्या पैशांत रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत? त्यांनी ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’चा १९२६ चा खंड घेतला आणि त्यातल्या निबंधांत दिलेले संदर्भ नियतकालिकांनुसार मोजले. जर्मन नियतकालिकांचा वाटा मोठा निघाला. सायटेशनचा हा पहिला गाजलेला हिशेब कपाटात काय ठेवावे हे ठरवण्यासाठी होता.

पुढची उडी युजीन गारफील्ड यांची. त्यांची पहिली पदवी रसायनशास्त्राची. डॉक्टरेट भाषाशास्त्रातली असली, तरी विषय रासायनिक नावांवरून रेणुसूत्र काढण्याचाच होता. अमेरिकेतले वकील जुना निवाडा पुढे कुठे कुठे आधाराला घेतला गेला हे ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ या सूचीत शोधत. ही सूची १८७३ पासूनची. विज्ञानालाही तशीच सूची हवी, असे गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. विषयवार सूचीत निबंध कोणत्या मथळ्याखाली जाईल हे सूचीकार ठरवतो. संदर्भ मात्र लेखक स्वतः देतो, आणि तो विषयाची कुंपणे पाळत नाही. रसायनशास्त्रातली एखादी पद्धत जीवशास्त्रात कोणी उचलली, हे विषयवार सूचीत सापडणे कठीण. सायटेशन सूचीत ते आपोआप दिसते. मला या कल्पनेचे खरे सौंदर्य इथेच वाटते. १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाहेर आला तो शोधण्याचे साधन म्हणून. त्यात कोणती नियतकालिके घ्यायची हे ठरवताना इम्पॅक्ट फॅक्टरची, म्हणजे नियतकालिकाच्या अलीकडच्या निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळाली या आकड्याची, कल्पना पुढे आली, आणि १९७५ पासून तो दरवर्षी छापला जाऊ लागला.

शोधण्यासाठी बांधलेली सूची मोजण्यासाठी वापरली की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ऑलिव्हर लौरी यांचे. द्रावणातले प्रथिन किती हे ठरवण्याची त्यांची पद्धत १९५१ मध्ये ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’त आली. २०१४ पर्यंत तिला तीन लाखांहून अधिक सायटेशन मिळाली होती. सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या निबंधांच्या तेव्हाच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर होती. हा काही थोर निबंध नव्हे, हे लौरी यांनी स्वतः कबूल केले होते. पण प्रथिन मोजावे लागते ते वैद्यकात, शेतीशास्त्रात, पेशीविज्ञानात, आणि तिथे माणसेही जास्त, निबंधही जास्त, संदर्भयाद्याही लांब.

तसेच जॉर्ज शेल्ड्रिक यांचे. स्फटिकरचना उलगडण्याच्या त्यांच्या ‘शेलएक्स’ या संगणकप्रणालीचा इतिहास सांगणारा निबंध २००८ मध्ये ‘अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’त आला. प्रणाली वापरणारा प्रत्येक जण तो निबंध उद्धृत करू लागला. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर एका वर्षात दोनच्या आसपासवरून जवळपास पन्नासवर गेला. बाकीचे निबंध होते तसेच होते.

क्षेत्राक्षेत्रांतला हा फरक अभ्यासकांच्या लवकर लक्षात आला. बुडापेस्टचे तिबोर ब्राउन हेही मूळचे रसायनशास्त्रज्ञच. त्यांनी १९७८ मध्ये ‘सायंटोमेट्रिक्स’ हे नियतकालिक सुरू केले. १९८०च्या दशकात बुडापेस्टमध्ये आणि हॉलंडमधल्या लायडन इथे सापेक्ष मोजमापे आकाराला आली. निबंधाची सायटेशन त्याच क्षेत्रातल्या, त्याच वर्षाच्या सरासरीशी ताडून पाहायची, हे त्यांचे सूत्र. हिशेब मेहनतीचा असतो, आणि एका माणसाचे काम तीन क्षेत्रांत पसरले असेल तर कोणती सरासरी धरायची हाच वादाचा मुद्दा होतो.

म्हणूनच २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी सुचवलेला एच-इंडेक्स झपाट्याने पसरला. प्रत्येकी किमान ४० सायटेशन मिळालेले ४० निबंध असतील, तर एच ४०. सोपा, लक्षात राहणारा. पण क्षेत्र तो विचारात घेत नाही. वेगवेगळ्या क्षेत्रांतले आकडे असे शेजारी ठेवू नयेत, हे हिर्श यांनीही सांगितले होते. शिवाय २००४ पासून सायन्स सायटेशन इंडेक्सच्या जोडीला स्कोपस आणि गुगल स्कॉलर या सायटेशन मोजणाऱ्या नव्या सेवा आल्यावर एकाच माणसाचे तीन ठिकाणी तीन एच दिसू लागले. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून संशोधकाला जोखू नका, असे २०१२ च्या बैठकीतून निघालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने बजावले.

आणि काही कामे तर मोजणीत सापडतच नाहीत. व्हिक्टर ग्रिन्यार यांनी १९०० मध्ये मांडलेली मॅग्नेशियमची अभिक्रियाके आजही प्रयोगशाळांमध्ये रोजच्या वापरात आहेत. त्यासाठी त्यांना १९१२ चे नोबेलही मिळाले. निबंधांत ‘ग्रिन्यार’ हा शब्द येतो, पण संदर्भयादीत १९०० चा तो मूळ निबंध बहुधा नसतो. तो द्यायची गरजच कोणाला वाटत नाही.