प्रथिने पचली म्हणून मेंदूतले सेरोटोनिन वाढत नाही

पाचक विकरांच्या (एन्झाइमच्या) कॅप्सूल आता पोटाबरोबर मनही ताळ्यावर आणण्याचा दावा करू लागल्या आहेत. युक्तिवाद असा: शरीरातले ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडला जाणारा रासायनिक संदेशवाहक) आतड्यात असते, ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनते, ट्रिप्टोफॅन प्रथिनांतून मिळते, म्हणून प्रोटीएज (प्रथिने तोडणारे विकर) घ्या, प्रथिने नीट पचवा, उदासी जाईल. पहिली तीन विधाने खरी आहेत. शेवटचा निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही, आणि तो का निघत नाही हे शरीरक्रियाशास्त्रातले फार सुंदर प्रकरण आहे.

आतड्यातले सेरोटोनिन तिथल्या अस्तरातील एन्टेरोक्रोमॅफिन पेशी बनवतात. आतड्याची हालचाल आणि स्राव यांसाठी ते लागते. रक्तात उतरलेले बरेचसे सेरोटोनिन रक्तबिंबिका (प्लेटलेट्स) साठवून ठेवतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा ते ओलांडू शकत नाही. मेंदूला आपले सेरोटोनिन स्वतःच बनवावे लागते. बाहेरून येतो तो फक्त कच्चा माल, म्हणजे ट्रिप्टोफॅन.

ट्रिप्टोफॅनला मेंदूत नेणारे वाहक प्रथिन म्हणजे एलएटी-१. हेच वाहक ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फेनिलअ‍ॅलनिन आणि टायरोसिन यांनाही नेते. हे दार अरुंद आहे आणि त्यापुढे रांग कायम असते. त्यामुळे रक्तात ट्रिप्टोफॅन किती आहे यापेक्षा या स्पर्धकांच्या तुलनेत ते किती आहे, हे प्रमाण निर्णायक ठरते. सर्वसाधारण आहारातील प्रथिनांत ट्रिप्टोफॅन जेमतेम १ टक्का असते आणि हे पाच स्पर्धक मिळून साधारण पाव भाग. प्रथिनयुक्त जेवणानंतर रक्तातले ट्रिप्टोफॅन वाढते, पण स्पर्धक त्याहून अधिक वाढतात आणि प्रमाण उलट घसरते.

नुसत्या कर्बोदकांच्या जेवणानंतर याच्या उलट घडते. इन्सुलिनमुळे ल्युसिन, व्हॅलिन वगैरे स्नायूंत ओढली जातात. ट्रिप्टोफॅन बहुतांशी अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेले असल्याने ते रक्तात टिकून राहते आणि दाराशी त्याचा नंबर लवकर लागतो. फर्नस्ट्रॉम आणि वर्टमन यांनी १९७१ आणि १९७२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले. जेवणात थोडे प्रथिन आले तरी हा परिणाम विरतो. आता प्रोटीएजच्या गोळीचा विचार करा. ती प्रथिनातून एकटे ट्रिप्टोफॅन सोडवत नाही. सगळे स्पर्धकही त्याच वेळी मोकळे होतात. शिवाय निरोगी माणसाचे आतडे आहारातली बहुतेक प्रथिने गोळीविनाच पचवते.

‘जन्मतः मिळालेला विकरांचा साठा वयाबरोबर संपतो’ हा प्रचारही निराधार आहे. स्वादुपिंड विकरे सतत नव्याने तयार करते आणि दिवसाला सुमारे दीड लिटर पाचकरस आतड्यात सोडते.

तरीही मनापर्यंत पोहोचणारी एक खरी वाट आहे. ती स्वादुपिंड निकामी होऊ लागलेल्या रुग्णांत दिसते. अन्नातले ब-१२ जीवनसत्त्व जठरात हॅप्टोकोरिन या प्रथिनाला चिकटते. लहान आतड्याच्या सुरुवातीला स्वादुपिंडातील ट्रिप्सिन वगैरे विकरे हे हॅप्टोकोरिन तोडतात, मग ब-१२ जठरात बनणाऱ्या ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ या प्रथिनाला जोडले जाते आणि आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते. विकरे नसतील तर ब-१२ अडकून पडते. मेद न पचल्याने अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वेही विष्ठेतून निघून जातात. ब-१२ च्या कमतरतेने उदासी, चिडचिड, विस्मरण होऊ शकते. अशा रुग्णात योग्य विकरे आणि जीवनसत्त्वे दिल्यावर मनही सावरू शकते, कारण एक खरी उणीव भरून निघते.

ही उणीव सहज निर्माण होत नाही. मेद पचवणाऱ्या लायपेज या विकराचे उत्पादन सामान्याच्या सुमारे १० टक्क्यांखाली गेल्यावरच विष्ठेत मेद दिसू लागतो. उपचारात प्रौढांना मुख्य जेवणाबरोबर साधारण ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज देतात, किरकोळ खाण्याला त्याच्या निम्मे. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यावी. अनेक असतील तर जेवणभर विभागून. त्यातले कण चावू किंवा कुटू नयेत: आवरण फुटले की जठरातल्या आम्लात लायपेज कायमचे निकामी होते, शिवाय तोंडात फोड येतात. लेबलवर केवळ मिलिग्रॅम लिहिले असेल तर त्यातून विकराची ताकद कळत नाही. युनिट पाहावेत.

दूध न पचणाऱ्यांसाठी लॅक्टेज (दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, तोडणारे विकर) उपयोगी पडते, पण तेही दुधाच्या पहिल्या घोटाबरोबरच घ्यावे लागते. दोन तासांनी घेतले तर न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोहोचून जीवाणूंनी आंबवायला घेतलेले असते. पोटफुगी थांबली की झोप सुधारते, चिडचिड कमी होते; हा फायदा अस्सल आहे, पण तो नैराश्यावरचा उपचार नाही.

वजन घटत असेल, विष्ठा तेलकट, चिकट, दुर्गंधीयुक्त असेल तर विष्ठेतील इलास्टेज (स्वादुपिंडाचे एक विकर) तपासून घ्यावे. प्रति ग्रॅम २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असल्यास शंका घेतात, १०० पेक्षा कमी असल्यास ती पक्की होत जाते. पातळ जुलाबाचा नमुना देऊ नये, पाण्यामुळे आकडा खोटा कमी दिसतो. डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवलेली कॅप्सूल चालू असली तरी तपासणी करता येते, कारण प्रतिपिंडांवर आधारित नेहमीची चाचणी फक्त मानवी इलास्टेज ओळखते. नैराश्याची औषधे चालू असतील तर ती विकरांच्या भरवशावर बंद करू नयेत.