खाणीसाठी वन्यजीव संरक्षण आराखडा : पात्रता, कागदपत्रे आणि मंजुरीचा क्रम

चंद्रपूर जिल्ह्यात वाघांचा वावर ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेरही आहे, त्यामुळे या भागात खाण काढू पाहणाऱ्या कंपनीने पर्यावरण मंजुरीच्या अर्जातील जैवविविधतेचा भाग वरवर उरकणे अक्षम्य ठरते. 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ही मंजुरी काम सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते.

खाणपट्टा किंवा त्याचे इरादापत्र ज्याच्या नावे आहे, त्यानेच परिवेश या केंद्र सरकारच्या मंजुरी-अर्जांच्या पोर्टलवर अर्ज करावयाचा असतो. मात्र त्याआधी जागा पाहावी. सर्वोच्च न्यायालयाच्या 26 एप्रिल 2023 च्या आदेशानुसार राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये आणि त्यांच्या सीमेपासून 1 किलोमीटरच्या आत खाणकामास परवानगी नाही. अर्जासोबत इरादापत्राची प्रत, खाणकाम आराखडा, पूर्वव्यवहार्यता अहवाल आणि पट्ट्याच्या सीमांची केएमएल फाइल (संगणकीय नकाशा) जोडावी. वनजमीन लागणार असल्यास 1980 च्या वन कायद्याखालील प्रस्ताव वेगळा दाखल करावा लागतो.

अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने पर्यावरणीय परिणामांच्या अभ्यासाच्या कार्यकक्षा ठरवून दिल्यावर खरे काम सुरू होते. खाणपट्टा आणि त्याच्या सीमेभोवतालचा 10 किलोमीटरचा परिसर यांतील वनस्पती व प्राण्यांची प्रत्यक्ष पाहणी करून दोन्ही क्षेत्रांच्या याद्या स्वतंत्रपणे द्याव्या लागतात. नियमाला पावसाळा वगळून एका हंगामाची माहिती पुरते. परंतु बेडूक, गवते आणि अनेक फुलझाडे पावसातच दिसत असल्याने पावसाळ्यातील एक फेरी स्वतःहून जोडणे हेच प्रामाणिक काम होय. गावाची लोकजैवविविधता नोंदवही (स्थानिक जैवविविधतेची गावपातळीवरील नोंद) तयार असल्यास तीही पाहावी, कारण गुराख्यांना आणि मासेमारांना ठाऊक असलेल्या जागा बाहेरून आलेल्या सल्लागाराला सापडतीलच असे नाही. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची (संरक्षित प्रजातींच्या याद्या) दि. 1 एप्रिल 2023 पासून बदलल्या असल्याने जुन्या अहवालातील वर्गवारी उतरवून घेऊ नये.

अनुसूची 1 मधील एकही प्राणी आढळल्यास त्याच्यासाठी खर्चाच्या तरतुदीसह संरक्षण आराखडा राज्याच्या वन विभागाशी सल्लामसलत करून तयार करावा लागतो. पाणवठे, प्राण्यांच्या ये-जा मार्गांवरील वाहतुकीचे वेळापत्रक, रात्रीचे दिवे, स्थानिक प्रजातींची लागवड आणि कामनिहाय वार्षिक खर्च यांचा त्यात स्पष्ट उल्लेख हवा. केवळ ‘वृक्षारोपण करण्यात येईल’ असे लिहून हरणांची चराई किंवा पाखरांची घरटी वाचत नाहीत.

जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करते. तिच्यासाठी किमान 30 दिवसांची जाहीर सूचना आणि पर्यावरणीय परिणामांच्या अभ्यासाच्या मसुदा अहवालाचा मराठी सारांश आवश्यक असतो. संरक्षण आराखड्याविषयीच्या हरकती तेथे लेखी देता येतात आणि त्यांची उत्तरे अंतिम अहवालात येणे बंधनकारक आहे.

मंजुरीनंतर दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबर रोजी मंजुरीतील अटींच्या पालनाचा अनुपालन अहवाल सादर करावा लागतो. खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत व चारा उगवेल अशा स्थितीत ती आणणे, ही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये घालून दिलेली अटही पट्टाधारकावर बंधनकारक असल्याने तिचा खर्च आराखड्यात आरंभापासूनच धरावा.