खुलासा: एक जनुक म्हणजे एकच प्रथिन?

‘एक जनुक, एक प्रथिन’ हे शाळेत पाठ केलेलं वाक्य आजही फिरतं. बीडल आणि टेटम यांनी १९४१ साली बुरशीवरच्या प्रयोगांतून मांडलेल्या कल्पनेचं हे सुटसुटीत रूप. त्या काळी ते कामाचं होतं, आज अपुरं आहे.

१९७७ मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांना अ‍ॅडिनोव्हायरस या विषाणूत दिसलं, की जनुक सलग नसतं. प्रथिन बनवण्यासाठी जनुकाची आरएनए नावाची प्रत निघाली की त्यातले मधले तुकडे कापले जातात आणि उरलेले जोडले जातात. हेच स्प्लायसिंग. (त्यातली मोलाची निरीक्षणं करणाऱ्या लुईस चाऊ आणि सुझन बर्जेट या शोधाच्या १९९३ च्या नोबेलमध्ये नव्हत्या. मला हे अजून खटकतं.)

कुठला तुकडा ठेवायचा, हे पेशीगणिक बदलू शकतं. डोपामाइन या मेंदूतल्या निरोप्या रेणूचा डी-२ ग्राही, म्हणजे तो निरोप पकडणारं प्रथिन, घ्या. जनुक एकच, पण ग्राही दोन: लांब आणि आखूड. फरक फक्त २९ अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या २९ कड्यांचा.

जैवरसायनशास्त्रज्ञ एड्रियन क्रेनर यांची कारकीर्द याच कापाकापीच्या अभ्यासात गेली. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारात एसएमएन-१ जनुक निकामी असतं. जवळजवळ तसंच असलेलं एसएमएन-२ शाबूत असतं, पण डीएनएच्या एका अक्षराच्या फरकामुळे त्याचा सातवा तुकडा बहुतेकदा गळतो. न्युसिनर्सेन हे औषध त्या आरएनएला चिकटून तुकडा गळू देत नाही. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. इलाज होतो, तो जनुकाला हातही न लावता.