कप तोंडाशी नेताना

सदाशिव पेठेतल्या अमृततुल्यात चहाचा ग्लास काठोकाठ भरून मिळतो. माझी आतेबहीण तो टेबलावरून व्यवस्थित उचलते. अर्ध्या वाटेपर्यंत हातही ठीक असतो. ओठ वीतभर अंतरावर आले की मनगट डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतं आणि चहा बोटांवर सांडतो. म्हणून आता ती अर्धा ग्लासच मागते आणि कोपर टेबलावर रोवून पिते. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे. बघणारे मात्र हमखास विचारतात, "इतक्या लहान वयात कंपवात?"

कुणाचा हात कापताना दिसला की आपल्याकडे कंपवात हाच शब्द तोंडी येतो. पण कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, हात मांडीवर निवांत पडलेला असतानाही थरथरतो आणि काम हाती घेतलं की बरेचदा थरथर कमी होते. एमएसमध्ये नेमकं उलटं. पडलेला हात शांत असतो; कशाकडे तरी न्यायला घेतला की कापरं सुरू होतं आणि वस्तू जवळ येईल तसं वाढत जातं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात फ्रेंच चेतारोगतज्ज्ञ शार्को यांनी 1868 च्या सुमारास हा फरक नीट मांडून दाखवला.

असं का होतं? हात कुठवर न्यायचा, कुठे लगाम घालायचा, हा हिशेब लहान मेंदू सतत करत असतो. एमएसमध्ये शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण खरवडते आणि निरोप रेंगाळतात. गीझरचा नळ आठवा. पाणी गार लागतं म्हणून आपण नळ फिरवतो, गरम पाणी यायला वेळ लागतो, तोवर आणखी फिरवतो. मग चटका बसतो आणि घाईने उलटा फिरवतो. लहान मेंदूच्या वाटांवर आवरण गेलं की हाताचंही असंच होतं. दुरुस्ती उशिरा पोहोचते, म्हणून जास्त होते, मग तिचीही दुरुस्ती करावी लागते.

किती जणांना हे होतं? अभ्यासांतले आकडे साधारण 25 ते 60 टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका अभ्यासात एमएसच्या दवाखान्यातले 100 रुग्ण बारकाईने तपासले, तेव्हा 58 जणांत कंप सापडला. 15 जणांत तो मध्यम ते तीव्र होता. अमेरिकेत मिनेसोटातल्या ओल्मस्टेड काउंटीत मात्र 200 रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्शातच कंप दिसला आणि तीव्र कंप 3 टक्क्यांत. मोठ्या शहरातल्या खास दवाखान्यात आजार वाढलेले लोक जास्त येतात. एका प्रदेशातले सगळेच रुग्ण मोजले की सौम्य आजारवालेही हिशेबात येतात. शिवाय अगदी बारीक थरथर कंप म्हणून धरायची की नाही, यावरही आकडा हलतो.

मला लंडनच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त लागली. त्या 58 जणांपैकी बऱ्याच जणांनी आपण होऊन कंपाची तक्रार केलीच नव्हती. माझ्या बहिणीनेही केली नव्हती. ठिपक्यांची रांगोळी तिने सोडली, सुईत दोरा ओवायला शेजारच्या काकूंना सांगू लागली आणि सगळं अशक्तपणावर ढकललं. बोट नाकाला लावा, मग माझ्या बोटाला लावा, असं डॉक्टरांनी करायला सांगितलं तेव्हा कुठे ते उघड झालं.

उपचारांबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. या कंपावर हमखास चालणारं औषध अजून नाही. बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी काहींना आराम पडतो. निवडक रुग्णांत मेंदूत इलेक्ट्रोड बसवायची शस्त्रक्रिया करतात. फिजिओथेरपीत हाताला आधार देऊन काम करायला शिकवतात, कधी मनगटाला वजन बांधतात. हाताचा कोपराखालचा भाग थोडा वेळ गार ठेवला तर पुढे साधारण अर्धा तास कंप कमी राहतो, असंही दिसलं आहे; जेवण किंवा सही उरकायला तेवढा वेळ पुरतो. एमएसची लक्षणं उष्णतेने बळावतात हे बऱ्याच काळापासून माहीत आहे, आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये ते घरी बसूनही जाणवतं.

डॉक्टरांकडे जाताना ती आता पाणी पितानाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ नेते. शिवाय दर महिन्याच्या एक तारखेला एकाच वहीत, एकाच पेनाने, गोगलगाईच्या शंखासारखं एक वेटोळं काढते आणि खाली तारीख घालते. मेमधली वेटोळी करवतीच्या दात्यांसारखी आहेत, डिसेंबरमधली बरीच गोल.