हेलिकॉप्टरमधल्या चिपला ‘खाली’ कुठे ते कसं कळतं?

रिमोटवरच्या हेलिकॉप्टरला ‘सेल्फ-लेव्हल’ मोड असला की ते हवेत जागच्या जागी उभं राहतं, असा समज सर्रास आढळतो. दुपारनंतर खारे वारे सुटले की रत्नागिरीकडच्या एखाद्या सड्यावर हा मोड लावा आणि दिशेची स्टिक मोकळी सोडा. हेलिकॉप्टर आडवं-सपाट राहील आणि तसंच सह्याद्रीच्या दिशेने वाहत जाईल. या मोडचं काम कल काढण्याचं आहे. जागा राखायला जीपीएस किंवा खाली पाहणारा कॅमेरा लागतो. ‘हे पडूच शकत नाही’ अशा जाहिरातींवर म्हणूनच विश्वास ठेवू नका.

पण मला खरं कुतूहल आहे ते वेगळ्याच प्रश्नाचं: आपण कललो आहोत हे यंत्राला कळतं कसं?

पहिला साक्षीदार गायरो. चिपमध्ये सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा सतत कंप पावत असतो. चिप वळली की तो बाजूला ढकलला जातो. हाच कोरिओलिस परिणाम. गणित 1835 सालचं. विषुववृत्त ओलांडून येणारे वारे उजवीकडे वळून नैर्ऋत्येकडून कोकणावर पाऊस आणतात, तेही याच परिणामामुळे. गायरो वळण्याचा वेग सांगतो, त्याची बेरीज करत गेलं की कोन मिळतो. मात्र बेरजेत चूकही साठते. सेकंदाला 0.1 अंशाची चूक असेल, तर मिनिटात 6 अंश.

म्हणून दुसरा साक्षीदार, अॅक्सेलरोमीटर. तो गुरुत्वाकर्षण मोजतो असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते खरं नाही. टेबलावर ठेवल्यावर तो मोजतो टेबलाने त्याला वरच्या दिशेने दिलेला रेटा. मुक्तपणे पडताना त्याचं मोजमाप शून्य असतं. आंबा घाटात एसटीने वळण घेतलं की बाटलीतलं पाणी तिरकं होतं, रस्ता सपाट असला तरी. अॅक्सेलरोमीटर त्या पाण्यासारखाच फसतो.

हेलिकॉप्टरमध्ये ही फसवणूक टोकाला जाते. हवेत त्याला रेटणारं मुख्य बल एकच, रोटरचं म्हणजे डोक्यावर फिरणाऱ्या पात्यांचं, आणि ते जवळजवळ रोटरच्या दांड्याच्या दिशेनेच असतं. म्हणजे यंत्र 20 अंश कललं, तरी पहिल्या क्षणी अॅक्सेलरोमीटर सांगतो, ‘मी सरळ आहे!’ पुढे वेग वाढतो, हवेचा विरोध वाढतो, वेग स्थिरावतो. तेव्हा रोटरचा रेटा आणि हवेचा विरोध मिळून वजनाला तोलतात आणि त्याला खरी उभी दिशा दिसते. ती त्याला हवेच्या विरोधामुळे कळते, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते.

म्हणून प्रोग्रॅम दोघांचं मिश्रण करतो. सेकंदाला 100 वेळा हिशेब करताना दर वेळी गायरोला 0.98 आणि अॅक्सेलरोमीटरला 0.02 वजन दिलं, तर गायरोवरचा भरवसा जेमतेम अर्धा सेकंद टिकतो. 0.999 केलं तर सुमारे 10 सेकंद. हेलिकॉप्टरला ही लांब मुदतच मानवते.

चाचणी याच क्रमाने करावी. आधी पाती काढून यंत्र हाताने कलवा. स्वॉशप्लेट, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारी दांड्याभोवतीची तबकडी, उलट दिशेला झुकली पाहिजे. ती त्याच बाजूला झुकली, तर पाती लावूच नका. रोटरचे मिनिटाला 2,400 फेरे म्हणजे सेकंदाला 40 हादरे, तेव्हा पात्यांचा तोल साधा आणि चिप मऊ दुहेरी टेपवर बसवा. मग पुरेशी उंची घेऊन, मोड बंद ठेवून, एकाच बाजूला कलून मोठे गोल फेरे मारा. लगेच मोड लावा. वळणात अॅक्सेलरोमीटर फसलेला असल्यामुळे यंत्र वळणाच्या दिशेने थोडं कललेलंच राहील आणि हळूहळू सपाट होईल. त्याला लागणारा वेळ घड्याळावर मोजा. गायरोला किती वजन दिलं आहे, याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो.